एकाच घरातले तीन निकाल

आमच्या घरी लोखंडी कपाटात एक निळी प्लॅस्टिकची फाइल आहे. रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, गावच्या घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे दाखले, सगळं तिच्यातच. तिच्यात दहावीची तीन गुणपत्रकं एकामागे एक लावलेली आहेत. एक 2019 चं, एक 2020 चं आणि एक 2021 चं. आम्ही दोघी जावा. पहिली दोन थोरलीच्या मुलीची आणि मुलाची, तिसरं धाकटीच्या मुलीचं. तिघंही एका घरात वाढली, एका टोपातलं जेवली, गिरगावातल्या एकाच मराठी शाळेत गेली आणि संध्याकाळी एकाच क्लासला बसली. मार्क मात्र असे: 71.40, 83.20 आणि 90.40 टक्के.

ही चढती भाजणी पाहून पाहुणे म्हणतात, माशाअल्लाह, घर सुधारत गेलं. आम्ही हसून चहा पुढे करतो. तिघांत कोणाला किती येतं हे घरातल्या कोणालाही विचारलं, अगदी त्या तिघांनाच विचारलं, तरी उत्तर या क्रमाने येणार नाही. मग ते कागद नक्की काय सांगतात, हा प्रश्न आम्हाला पडला, आणि त्या प्रश्नापायी आम्हा दोघींत जे झालं तेही इथे लिहायचं ठरवलं आहे. दर वर्षी मे-जूनमध्ये पुष्कळ घरांत तेच होत असणार.

आधी क्लासबद्दल. आम्ही ग्रँट रोडच्या बाजूला चाळीत राहतो. मूळ गाव खेड तालुक्यात. मुलं शाळेतून आली की नाश्ता करून व्ही. पी. रोडने चालत खोताच्या वाडीत जायची. ज्यांनी ही वाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गिरगावच्या गजबजाटातून एका गल्लीत वळलं की एकदम आवाज कमी होतो. लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, पुढे पडवी, मध्येच एखादा क्रूस. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून वाडीला नाव पडलं आणि त्यांच्या जागेवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरं बांधली. पूर्वी साठ-पासष्ट घरं होती असं जुने लोक सांगतात. आता त्यातली निम्मीही उरलेली नाहीत, बाकीच्या जागी इमारती आल्या. अशाच एका घराच्या पडवीत टीचर क्लास घ्यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. मराठी आणि भूगोल शिकवण्यात सगळी नोकरी गेली, आणि दहावीचे पेपरही बरीच वर्षं तपासलेले. मुलं त्यांना नुसतं 'टीचर' म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणतो.

पहिल्याच दिवशी थोरल्या मुलीने आणि टीचरनी एकमेकींची मराठी ऐकली आणि दोघी हसल्या. टीचरच्या घरात ईस्ट इंडियन लोकांची मराठी. आमच्या घरात कोकणी मुसलमानांची बोली, सासूबाई तर तिच्याशिवाय दुसरं बोलतच नाहीत. दोन्ही मराठीच्याच लेकी, पण 'कुमारभारती' या पाठ्यपुस्तकात दोघींपैकी एकीचीही भाषा नाही. टीचर आम्हाला एकदा म्हणाल्या, "मीसुद्धा पुस्तकातली मराठी शिकूनच घेतली. घरून नाही मिळाली. ज्याला घरून मिळते त्याचं अर्धं पेपर आधीच सुटलेलं असतं, आणि पेपर तपासणाऱ्याला ते दिसत नाही." त्या काही तक्रार करत नव्हत्या, तीस वर्षांचा हिशेब सांगत होत्या. मराठीच्या परीक्षेत मुलाने शाळेत काय शिकलं हे जेवढं मोजलं जातं, तेवढंच त्याच्या घरात काय बोलतात हेही मोजलं जातं. आपल्या समाजातल्या मुलांना मराठीत मार्क कमी का पडतात, याची चर्चा नेहमी 'मुलं लक्ष देत नाहीत' इथे येऊन थांबते. त्याच्या मागे एक घर असतं, हे कोणी बोलत नाही.

आमची थोरली मुलगी बोलण्यात पटाईत. शाळेच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन तिचंच. तोंडी परीक्षा असती तर तिला वीसातले अठरा कोणीही दिले असते. लिहायला मात्र संथ. एकेक वाक्य मनात घोळवून लिहिणार, खोडणार, पुन्हा लिहिणार. आणि तिच्या नशिबी नेमकं 2019 साल आलं.

त्या वर्षी काय झालं हे आज विसरायला झालं आहे, म्हणून आकडे देतो. 2018 चा राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2018-19 पासून दहावीला नवा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर भाषा आणि समाजशास्त्र या विषयांतले शाळेने द्यायचे 20 गुण काढून टाकले गेले. गणित-विज्ञानाचे ठेवले. मराठीचा पेपर सगळाच लेखी झाला. 2019 चा निकाल 77.10 टक्के लागला, एका वर्षात बारा टक्क्यांहून जास्त घसरण. पैकीच्या पैकी, म्हणजे शंभर टक्के मिळवणारी मुलं 2018 मध्ये 125 होती, ती 20 वर आली. गदारोळ झाला. अकरावीच्या प्रवेशात इतर बोर्डांच्या मुलांना अंतर्गत गुणांचा फायदा आणि आमच्या मुलांना नाही, अशी ओरड झाली. मग पुढच्याच वर्षापासून ते 20 गुण परत आणले. 2020 चा निकाल 95.30 टक्के. शंभर टक्केवाले 242.

आता विचार करा. 2018 ची मुलं हुशार, 2019 ची ढ आणि 2020 ची पुन्हा अतिहुशार, असं तर झालं नसेल. त्याच शाळा, तेच शिक्षक, तशीच घरं. बदलली ती मोजपट्टी. वाण्याने मापच बदललं तर तांदूळ कमी भरला असं आपण म्हणत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र म्हणतो. थोरलीला मराठीत 58 पडले. शेवटचा निबंध अर्धाच राहिला होता. घरी येऊन ती काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना म्हणाली, "अम्मी, मला सगळं येत होतं. हातच चालला नाही." आम्ही दोघींनी काय केलं? एकीने 'रोज लिहायचा सराव केला असतास तर' असं म्हटलं, आणि दुसरी गप्प राहिली. दोन्ही चुकलंच.

पण इथे थांबलो तर गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होईल. ते 20 गुण काढले का होते? कारण शाळा ते वाटत होत्या. मधल्या मुलाने 2020 साली तोंडी परीक्षा दिली, तेव्हा ते 20 गुण परत आले होते. आम्ही विचारलं, काय विचारलं रे तोंडीला? तर म्हणाला, "नाव विचारलं, एक परिच्छेद वाच म्हणाले, झालं." सगळ्या वर्गाला अठरा, एकोणीस. कोणी बोललं, कोणी न बोललं, सारखंच. म्हणजे ज्या वर्षी तोंडी परीक्षा नव्हती त्या वर्षी बोलणाऱ्या मुलीचं नुकसान झालं, आणि ज्या वर्षी होती त्या वर्षी ती कोणाचंच बोलणं मोजत नव्हती. खरी तोंडी परीक्षा घ्यायची तर चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकेकाला पंधरा मिनिटं द्यावी लागतील. तेवढा वेळ कोणत्या शाळेकडे आहे?

मधल्याची कथा निराळीच. त्याला गणिताचा कंटाळा, भाषा बेताची. पण नकाशा म्हटलं की जीव टाकायचा. टीचरनी एकदा सगळ्यांना कोऱ्या कागदावर खोताच्या वाडीचा नकाशा काढायला सांगितला, मापाने नाही, आठवणीने. उत्तर कुठे, गिरगावचा मोठा रस्ता कोणत्या बाजूला, विहीर, वेफर्सचं दुकान, वळणं. इतरांनी दोन रेघा ओढल्या. याने पावलं मोजून आणल्यासारखा नकाशा काढला, वर दिशादर्शक बाण आणि खाली सूची. टीचरनी तो बरेच दिवस पडवीतल्या भिंतीला लावून ठेवला होता. दहावीला त्याचा भरवसा भूगोलावर होता, आणि भूगोल शेवटचा पेपर, 23 मार्च 2020 ला. कोरोना आला, पेपर आधी पुढे ढकलला, नंतर रद्द झाला. भूगोलाच्या 40 पैकी गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. ज्या विषयात तो सगळ्यात पुढे होता, त्यात त्याला गणित आणि हिंदीवरून मार्क मिळाले. त्या परिस्थितीत दुसरं काही करता आलं असतं असं आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या गुणपत्रकावर भूगोलासमोर जो आकडा छापला आहे, त्यात भूगोल अजिबात नाही.

आणि धाकटी. तिच्या वेळी तर परीक्षाच झाली नाही. 2021 च्या दहावीचे गुण असे ठरले: नववीच्या वार्षिक निकालाचे 50, दहावीच्या वर्षातल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनाचे 30, आणि तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाचे 20. ऐकायला नीटनेटकं. पण तिच्या नववीची दुसरी सत्र परीक्षासुद्धा 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रद्द झाली होती. त्यामुळे नववीचा जो 'वार्षिक' निकाल होता, तो पहिल्या सत्राच्या जिवावर उभा होता. दहावीचं वर्ष गेलं मोबाइलवर. घरात तेव्हा धड चालणारे दोन मोबाइल, आणि शिकणारी तीन मुलं. सकाळी भाऊ अकरावीच्या लेक्चरला बसायचा, मग ही. राज्याचा निकाल त्या वर्षी 99.95 टक्के लागला आणि शंभर टक्के मिळवणारी मुलं 957 झाली. आमच्या धाकटीला 90.40.

पेढे आणले. चाळीत वाटले. आणि इथूनच आमच्या दोघींत बिनसलं. खरं सांगायचं तर भांडण असं झालं नाही. धाकटी जाऊ सगळ्यांना नव्वद टक्के सांगत होती, आईच ती, सांगणारच. थोरलीला वाटलं, आपल्या मुलीने तीन तास बसून पेपर लिहिले, त्याचे एकाहत्तर, आणि हिने न लिहिता नव्वद. ते ती बोलली नाही, पण चेहऱ्यावर आलं. एका लग्नात नणंदेने सगळ्यांसमोर थोरल्या मुलीला म्हटलं, "तू पण जरा बहिणीसारखा अभ्यास केला असतास." त्या दिवसापासून सहा-सात महिने आम्ही दोघी स्वयंपाकघरात फक्त मीठ-तिखटापुरतं बोलत होतो. एक आकडा दोन बायांच्या मध्ये येऊन बसला, आणि तो आकडा ज्या दोन मुलींचा होता त्या मात्र एकाच अंथरुणावर हसत-खिदळत झोपायच्या.

थोरल्या मुलीच्या मागचं ते 2019 साल तर सुटतच नव्हतं. 2021 ला बारावीची परीक्षाही रद्द झाली, आणि बारावीच्या निकालात 30 टक्के वजन दहावीच्या गुणांना दिलं गेलं. ज्या वर्षी तोंडीचे गुण काढले त्याच वर्षीचे ते गुण. त्याच निकालात तिच्याबरोबर वर्षाने मोठी, म्हणजे 2018 ला दहावी झालेली आणि मध्ये वर्ष गेलेली मुलंही असणार, त्यांचे दहावीचे गुण जुन्या पद्धतीचे. सगळं एकाच तराजूत.

कोंडी फोडली ती धाकट्या मुलीनेच. त्या वर्षी अकरावी प्रवेशासाठी वेगळी सामाईक परीक्षा, सीईटी, ऑगस्टमध्ये घ्यायचं ठरलं होतं. ऐच्छिक होती, पण दिली तर प्रवेशात प्राधान्य. आम्हाला वाटलं ही घाबरेल. तर ही रात्री जागून अभ्यास करत होती. विचारलं तर म्हणाली, "मला बघायचंय मला खरंच किती येतं. हे नव्वद माझे नाहीत, चाची. वाटलेले आहेत." 10 ऑगस्ट 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाने ती सीईटी रद्द केली. राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर परीक्षा घेणं इतर बोर्डांच्या मुलांवर अन्याय आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. पुष्कळ घरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. आमच्या घरात एक मुलगी रडली. तिला कळलंच नाही की तिला किती येतं. त्या रात्री थोरल्या जावेने तिच्या डोक्याला तेल लावून दिलं, आणि मग आम्ही दोघी बोललो.

बोलताना एक गोष्ट लक्षात आली, जी आधी आम्ही कधी नीट मांडली नव्हती. लेखी परीक्षेवर आपण एवढं तोंडसुख घेतो, पण आपल्यासारख्यांच्या मुलांचा भरवसा शेवटी तिच्यावरच आहे. बोर्डाची उत्तरपत्रिका परक्या तपासनीसाकडे जाते. त्यावर बैठक क्रमांक असतो, बारकोड असतो, नाव नसतं. मूल कोणाचं, आडनाव काय, मुलगी ओढणी कशी घेते, बाप शाळेच्या ट्रस्टींना ओळखतो की नाही, यातलं काहीही त्या तपासनीसाला ठाऊक नसतं. 2021 च्या उन्हाळ्यात मार्क शाळा देणार म्हटल्यावर आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत धाकधूक होती. आमच्या मुलांच्या शाळेने कोणाशी दुजाभाव केला नाही, हे अल्हम्दुलिल्लाह सांगायला हवं. पण धाकधूक होती हे खरं, आणि तिला कारण होतं. नाव न बघणारी परीक्षा फार थोडं बघते. सगळं बघू शकणारा शिक्षक नावही बघतो. या दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आली तर काय निवडावं, यावर आमच्या दोघींचं आजही एकमत नाही. थोरलीच्या मुलीचं लेखी परीक्षेने नुकसान केलं, तरी थोरली म्हणते लेखीच बरी. धाकटीच्या मुलीला शाळेच्या मार्कांनी नव्वद दिले, तरी धाकटीलाही पूर्वीसारखी खात्री नाही.

हा गोंधळ आजचा नाही. वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एका रांगेत कसे लावायचे, यावर राज्याने 2008 मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र काढलं, न्यायालयाने ते रद्द केलं. 2009 मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी 90 टक्के जागा, इतरांना 10, असं ठरवलं, तेही रद्द झालं. 2010 मध्ये सहापैकी पाच उत्तम विषय धरायची पद्धत आली, ती उच्च न्यायालयात अडली, पण सर्वोच्च न्यायालयाने चालू दिली, आणि ती आजही आहे. वर दिलेली आमच्या मुलांची टक्केवारी त्याच हिशेबाने. त्याच्याही मागे जायचं तर 1882 मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दिलेल्या निवेदनात एक साधी गोष्ट आहे: डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येऊन जातात, त्याचा काही उपयोग होत नाही. निदान तीन महिन्यांनी तरी यावं, आणि न कळवता यावं. एकदाच येऊन बघणाऱ्याला काय दिसणार, हे फुल्यांना तेव्हाच कळलं होतं.

क्लासवरून आठवलं, आमच्या मुलांनी आणखी एका ठिकाणी परीक्षा दिल्या आणि त्यांची गुणपत्रकं कधीच मिळाली नाहीत. मकतबात. तिथे आपा रोज नवा सबक द्यायच्या आणि त्याआधी कालचा ऐकायच्या. अडखळलं की पुन्हा. मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढची ओळ नाही. आठवड्यातून एकदा आमुख्ता, म्हणजे मागचं सगळं उजळणीला. एखाद्या मुलाला पारा संपवायला दोन महिने लागले, एखाद्याला पाच. मागे पडलेल्याला कोणी नापास म्हटलं नाही, तो फक्त अजून त्या पानावर होता. मधल्याचं नाजरा थोरलीच्या दीड वर्ष नंतर पूर्ण झालं, पण त्याच्या आमीनला तितकंच गोड वाटलं. शाळेत मात्र सगळ्यांना मार्चच्या त्याच दिवशी, त्याच पानापर्यंत पोचलेलं असावं लागतं. नसेल पोचला तर 35 मार्कांवर ढकलून पुढे पाठवतात, आणि न आलेलं तसंच मागे राहतं.

मकतबाची नुसती तारीफ करणं मात्र बरोबर नाही. तिथे मखरज तपासतात, पठण तपासतात. अर्थ किती मुलांना विचारला जातो? आमच्या तिघांना विचारला गेला नाही. जे ऐकता येतं ते तिथे मोजलं जातं, जसं शाळेत जे लिहिता येतं ते. समजलं किती, हे दोन्हीकडे निसटतं.

'प्रथम' संस्थेचं 'असर' नावाचं सर्वेक्षण 2005 पासून निघतं. त्यात माणसं खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलासमोर दुसरीच्या पातळीचा एक उतारा धरतात आणि वाच म्हणतात. बस. पेपर नाही, वर्ग नाही. 2022 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची निम्म्याहून कमी मुलं तो उतारा वाचू शकली. यातलीच बरीच मुलं पुढे दहावीला जाऊन नव्वद-पंचाण्णव टक्क्यांच्या निकालात बसतात. जी तिथवर पोचतच नाहीत ती कोणत्याच टक्केवारीत नाहीत. सच्चर समितीने 2006 मध्ये लिहिलं होतं की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी एक चतुर्थांश मुलं शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच सुटली. त्यांना काय येतं हे मोजायला कोणीही पेपर काढत नाही.

टीचरकडे एक पद्धत होती ती सांगायला हवी. प्रत्येक मुलामागे एक फुलस्केप वही. तिच्यात गुण नसायचे. डाव्या बाजूला तारीख आणि काय अडलं ते, उजवी बाजू रिकामी. अडलेलं जमलं की उजवीकडे त्या दिवसाची तारीख. मधल्याच्या वहीत पहिल्याच पानावर 'ईशान्य-वायव्य उलटसुलट करतो' असं होतं आणि समोर चार महिन्यांनंतरची तारीख. धाकटीच्या वहीत 'टक्केवारी काढताना शंभराने गुणायचं विसरते', समोर तीन आठवडे. थोरलीच्या वहीत एक ओळ होती, 'विचार भराभर, हात सावकाश. वेळ लावून लिहायला देणे.' तिच्यासमोर तारीख नव्हती. तिची दहावी झाली तरी ती बाजू रिकामीच राहिली. 2019 च्या निकालानंतर आम्ही टीचरकडे गेलो तेव्हा त्यांनी ती वही काढून दाखवली. म्हणाल्या, "हे मला ठाऊक होतं. पण पेपर तपासणाऱ्याच्या हातात ही वही नसते ना. त्याच्या हातात उत्तरसूची असते. आणि मी पण त्याच्या जागी बसलेली आहे. अर्धा निबंध आला तर अर्धेच मार्क दिलेत मीही, कितीतरी पोरांना." मग जरा वेळाने म्हणाल्या, "कोण असतील ती पोरं."

आता टीचर क्लास घेत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि पडवी असलेलं ते घर विकायचं की नाही यावर त्यांच्या भावंडांत बोलणी चालू आहेत. तिन्ही वह्या त्यांनी मुलांना देऊन टाकल्या. थोरल्या मुलीने बी.कॉम. केलं आणि मस्जिद बंदरला एका पेढीत हिशेब बघते. आकड्यांत चूक नाही म्हणून मालक खूश आहेत, सावकाश काम करते म्हणून कधी बोलतातही. मधला सर्वेक्षणाचं काम शिकतोय, जमिनीची मोजणी. त्या कोर्सच्या प्रवेशात भूगोलाचे मार्क कोणी विचारले नाहीत. धाकटी कॉलेजात आहे, आणि आजही दहावीची टक्केवारी विचारली की आधी 'कोरोना बॅच' म्हणते, मग आकडा.

आमच्या चाळीत थोरल्या मुलीला एक काम आपसूक लागलं आहे. 2025 पासून सगळ्या राज्याचे अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, आणि फॉर्म भरायला मुलं तिच्याकडे येतात. त्या वर्षी निकाल 94.10 टक्के लागला होता. खालच्या मजल्यावरचा मुलगा आपल्या अब्बांबरोबर आला. अब्बांना आधी टक्के विचारायचे होते, पण तिने मुलाला पुढ्यात बसवलं आणि विचारलं, पुढे काय शिकायचंय, काय आवडतं. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, वायरिंग. पंखे, मिक्सर दुरुस्त करतो मी. तिने आयटीआयचं पान उघडून दाखवलं. अब्बा थोडे नाराज झाले, मग वाकून स्क्रीनकडे बघायला लागले. गुणपत्रक तिने शेवटी मागितलं, फॉर्ममध्ये आकडे भरायचे होते म्हणून. पाच विषयांचे धरायचे की सहाचे, हे त्या दोघांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.